दात भरायचा की काढायचा, हे खिसा ठरवतो

आमच्या कराडच्या शाळेत पालकसभा असली की एक गोष्ट हमखास दिसते. हसू आलं की काही माता ओढणीचं किंवा पदराचं टोक तोंडावर धरतात. हा लाजाळूपणा असावा, किंवा शिक्षकांसमोरची अदब, अशी आमची कित्येक वर्षं समजूत होती. मागच्या वर्षी सहावीतल्या एका मुलीची अम्मी प्रगतिपुस्तकावर सही करायला आली. मुलीनं निबंधात लिहिलेली एक गमतीची ओळ आम्ही तिला वाचून दाखवली. ती इतकी खळखळून हसली की ओढणी धरायची राहूनच गेली. वरचा समोरचा एक दात नव्हता आणि डाव्या बाजूच्या दाढाही नव्हत्या. वय सदतीस.

शिक्षकी पेशाची सवय वाईट. दिसली चूक की आम्ही लगेच लाल शाई काढतो. आम्ही तिला विचारलं, "दोन वेळा ब्रश करत नव्हता का तुम्ही?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "टीचर, ब्रशही आहे घरात, पेस्टही आहे. दाढ दुखायला लागली तेव्हा पोरं लहान होती आणि ह्यांचं गॅरेजचं काम सुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, वाचवायची तर तीनदा यावं लागेल, काही हजार लागतील. काढायची तर आत्ता काढतो. मी म्हटलं, काढा."

त्या उत्तरानं आम्हाला आमचीच दाढ आठवली. चार वर्षांपूर्वी आमचीही डावीकडचीच दाढ रात्रभर ठणकली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही किरकोळ रजा टाकली, दवाखान्यात गेलो, रूट कॅनाल करून घेतलं आणि पुढच्या महिन्यात पगार झाल्यावर दाढेवर टोपी बसवली. आज त्याच दाढेनं आम्ही शेंगदाणे खातो. ती आमच्याच गल्लीच्या पलीकडे राहते. नळाचं पाणी तेच, चहा तसाच गोड, वयातही फार फरक नाही. आमची दाढ तोंडात आहे, तिची नाही. मधे फक्त एक पगारपत्रक आहे.

दातांची मोजदाद

मोठ्या माणसांच्या दातांची मोजदाद करण्याची एक साधी पद्धत दंतवैद्यकात फार वर्षांपासून वापरली जाते. १९३८ साली अमेरिकेत क्लाइन आणि पामर या संशोधकांनी शाळकरी मुलांचे दात तपासताना ती मांडली. किडलेले दात किती, किडीमुळे गेलेले किती आणि भरलेले किती, या तीन आकड्यांची बेरीज करायची. बेरीज जितकी मोठी, तितका त्या तोंडानं किडीचा मार सोसला असं समजायचं.

ही पद्धत कळल्यावर आम्ही वहीत दोन ओळी मांडल्या. त्या अम्मीला विचारून तिचा हिशेब लिहिला: किडलेले दोन, गेलेले चार, भरलेला एकही नाही. बेरीज सहा. खाली आमचा हिशेब लिहिला: किडलेला एकही नाही, गेलेली एक, भरलेले पाच. बेरीज पुन्हा सहाच.

म्हणजे कीड दोघींनाही सारखीच लागली होती. तिनं दातांची हेळसांड केली आणि आम्ही शहाणपणा दाखवला, असं म्हणायला आकडे तयार नाहीत. फरक बेरजेत नाही, रकान्यांत आहे. ज्याच्या हातात पैसा आणि सवड आहे त्याचा आकडा 'भरलेले' या रकान्यात जातो. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याचा आकडा आधी 'किडलेले' मध्ये राहतो आणि मग 'गेलेले' मध्ये जाऊन बसतो.

आमच्या हिशेबातली ती गेलेली एक दाढही सांगायला हवी. ती आमच्या कॉलेजच्या दिवसांत गेली. तेव्हा अब्बा शिलाईकाम करत होते आणि घरात आम्ही पाच भावंडं होतो. दाढ भरून घेता येते, हे तेव्हा घरात कुणाच्या मनातही आलं नाही. नोकरी लागल्यानंतर मात्र एकही दात काढावा लागला नाही. घरची हलाखी आणि नंतरचे बरे दिवस, दोन्ही आमच्या एकाच जबड्यात वाचता येतात.

दुखेपर्यंत उशीर का झालेला असतो?

दात किडतो तो एका दिवसात नाही. तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि तिचं आम्ल करतात. हे आम्ल दातावरच्या कठीण आवरणातली खनिजं हळूहळू विरघळवतं. लाळ त्यातलं थोडं नुकसान भरून काढते. पण दिवसातून आठ-दहा वेळा तोंडात गोड गेलं तर लाळेला सवडच मिळत नाही. आधी पांढुरका डाग पडतो, मग काळपट खड्डा. एकदा खड्डा पडला की तो आपोआप बुजत नाही, कारण हाड मोडलं तर जुळतं, दाताचं आवरण मात्र पुन्हा वाढत नाही.

या टप्प्यावर दात दुखत नाही आणि घोटाळा इथंच होतो. या वेळी दवाखान्यात गेलं तर एका बैठकीत, काही शे रुपयांत दात भरून मिळतो. सहा महिने किंवा वर्ष गेलं की कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचते, दात रात्री ठणकायला लागतो आणि मग रूट कॅनाल करून वर टोपी बसवावी लागते. तोवर खर्च हजारांत गेलेला असतो आणि खेपाही वाढलेल्या असतात. तेही जमलं नाही तर शेवटचा उपाय म्हणजे दात काढणं, आणि तो पुन्हा स्वस्त. सुरुवात स्वस्त, शेवट स्वस्त, मधला दात वाचवणारा टप्पा तेवढा महाग. रोजंदारीवरचा माणूस दुखायला लागल्यावरच दवाखाना गाठतो, म्हणून त्याच्या वाट्याला शेवटचा उपाय येतो.

हिरड्यांचंही असंच आहे. घासताना रक्त येणं ही सुरुवात असते. त्या वेळी दात साफ करून घेतले आणि घरी नीट निगा राखली तर हिरड्या सावरतात. दुर्लक्ष झालं तर दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि एकही खड्डा नसलेला धडधाकट दात हलायला लागतो.

शिक्षण, काम आणि कमाई

एखादं कुटुंब सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या कुठल्या पायरीवर आहे, हे ठरवण्यासाठी आपल्या देशातले वैद्यकीय संशोधक कुप्पुस्वामी यांची मोजपट्टी वापरतात. बी. कुप्पुस्वामी यांनी ती १९७६ साली शहरी कुटुंबांसाठी तयार केली. तिच्यात कुटुंबप्रमुखाच्या शिक्षणाला ७, व्यवसायाला १० आणि कुटुंबाच्या उत्पन्नाला १२ असे जास्तीत जास्त २९ गुण असतात आणि त्यावरून पाच वर्ग पाडतात. महागाई वाढते तसे उत्पन्नाचे आकडे बदलत राहतात. परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखीच ही मोजपट्टी आहे, म्हणून आम्हाला ती चटकन समजली. या तिन्ही गोष्टींचा दातांशी काय संबंध, तो पाहू.

आधी शिक्षण. शिकलेल्या माणसाचे दात किडत नाहीत असं मुळीच नाही. पण न दुखणारा काळा ठिपका म्हणजे आजाराची सुरुवात आहे, हे त्याला ठाऊक असतं. वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती आपल्या मुहल्ल्यात आजही ऐकू येते. तिला काहीही आधार नाही, पण तिच्यापायी लोक सडलेली दाढ वर्षानुवर्षं तोंडात बाळगतात. दात साफ करून घेतले की ते सैल होतात, हाही तसाच गैरसमज. दातांवरचा दगडासारखा थर निघाल्यावर आधीच झिजलेली हिरडी उघडी दिसते, एवढाच त्याचा अर्थ.

मग काम. आम्हाला रजा मिळते. गॅरेजातल्या, बेकरीतल्या, रिक्षावरच्या आणि फळगाड्यावरच्या माणसाला ती मिळत नाही. त्यानं दवाखान्यात तीन खेपा घातल्या की तीन दिवसांची कमाई बुडते. कारखान्यात पक्की नोकरी असलेल्याला राज्य कामगार विमा असू शकतो, पण स्वतःच्या हिमतीवर पोट भरणाऱ्याला नाही. २००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालात दिसलं की मुस्लिम कामगारांत पक्क्या पगाराच्या नोकऱ्या कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणारे जास्त आहेत. त्या अहवालाची चर्चा आपण शिक्षण आणि नोकऱ्यांच्या अंगानं पुष्कळ केली. तोच अहवाल आपल्या तोंडातही वाचता येतो, हे आमच्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

शेवटी कमाई. घरात पैसा थोडा असला की आजारांचीही रांग लागते. मुलाचा ताप पहिला, कमावत्याची कंबर दुसरी, सासऱ्यांचा रक्तदाब तिसरा. आईची दाढ रांगेत सर्वांत शेवटी, कारण दाढ दुखत असतानाही चपात्या लाटता येतात.

ही गोष्ट फक्त गरीब आणि श्रीमंत अशा दोन गटांची नाही, तिला पायऱ्या आहेत. इंग्लंडमध्ये १९६७ पासून सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास झाला. तो मुख्यतः हृदयविकाराचा होता. त्यात अगदी तळाच्या शिपायाचीच तब्येत खराब निघाली असं झालं नाही. प्रत्येक हुद्द्याच्या माणसाची प्रकृती त्याच्या वरच्या हुद्द्याच्या माणसापेक्षा थोडी कमी होती. दातांच्या अभ्यासांतही पुढे हाच उतार अनेक देशांत दिसला. म्हणजे आमच्यासारख्या मास्तरांनी 'हा झोपडपट्टीचा प्रश्न' म्हणून हात झटकू नयेत. आम्हीही याच जिन्यावर उभे आहोत, फक्त दोन पायऱ्या वर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे आणि त्यांतले चारांपैकी तिघे मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. कायमच्या दातांतली, उपचार न झालेली कीड जवळपास २०० कोटी लोकांना आहे. इतका पसरलेला दुसरा आजार नाही आणि इतका दुर्लक्षित आजारही क्वचितच असेल.

गोडाच्या मुलखात

आमचा कराड परिसर उसाचा. कृष्णा आणि कोयनेच्या पाण्यावर ऊस पिकतो. एका बाजूला रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना, दुसऱ्या बाजूला यशवंतनगरचा सह्याद्री कारखाना. पाहुणा आला की चहा आणि चहात साखर सढळ हातानं. कष्टकऱ्याच्या दिवसात तर चहा हे पेय नसून जेवण असतं. सकाळी चहा-खारी, दहाला चहा, दुपारी भूक मारायला चहा, चारला चहा-बिस्कीट. दहा रुपयांत भूक भागवणारं दुसरं काय मिळतं? फळ महाग, दूध महाग, बदाम तर ईदलाच. गोड आणि मैदा या स्वस्त गोष्टी आहेत, म्हणून गरिबाच्या दातांवर त्यांचा मारा जास्त होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी. मोठ्या माणसासाठी ही मर्यादा सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे साधारण बारा चमचे. एका कपात दोन चमचे धरले तर सहा कपांत ती संपली, बिस्किटं वेगळीच.

दरवर्षी हिवाळ्यात याच भागात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबं येतात. पहाटे फडात जायचं, रात्री उशिरा कोपीवर परतायचं आणि मधे चहा, गुळाचा खडा, तंबाखू. ज्यांच्या कोयत्यानं साखर तयार होते त्यांना दाढ दुखली तर खाडा करून दवाखाना गाठणं परवडत नाही, कारण उचल घेतलेली असते आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

मिशरी, मावा आणि न बोललेलं दुखणं

सातारा-सांगलीकडच्या घरांत मिशरी कुणाला माहीत नाही? तंबाखू तव्यावर भाजून, काळी करून, चोळून ती दातांना लावायची. आमच्या नानीच्या कोनाड्यात तिची डबी असायची. हिंदू शेजारणीच्या कोनाड्यातही असायची. या बाबतीत दोन्ही घरं सारखीच. नानी म्हणायची, दाढ दुखत होती म्हणून कुणीतरी लावायला सांगितली, मग सुटलीच नाही. तंबाखूनं दुखणं थोडा वेळ बधिर होतं हे खरं, पण खाली कीड चालूच राहते, हिरड्या खंगतात आणि व्यसन मात्र पक्कं होतं. ज्या बाईला दंतवैद्य परवडत नव्हता तिनं मिशरीलाच औषध केलं. या व्यसनाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावं, असं आम्हाला वाटतं.

२०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांच्या आयुष्यात तंबाखू आढळला. त्यांतही धूर न काढता, तोंडात ठेवून किंवा चोळून तो वापरणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्यात तंबाखू ही मुख्यतः तोंडाची बाब आहे. सरकारनं १९९२ साली दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिशरीला आणि टपरीवर चोळून मिळणाऱ्या माव्याला कायद्याचा हात सहज पोहोचत नाही. माव्यात आणि खर्ऱ्यात सुपारी असते, आणि तंबाखू नसला तरी नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण होते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये स्पष्ट केलं. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी करून समोरच्या दातांमध्ये जातात का, पाहावं. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा अथवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत भरून न आलेली जखम असेल, तर दुखत नसली तरी लगेच डॉक्टरांना दाखवावं. इथेही उशीर झाला तर किंमत फक्त दातानं भागत नाही.

दात गेल्यावर काय काय जातं?

दात गेला म्हणजे एक दुखणं गेलं, असं आपण समजतो. खरं तर तिथून पुढचं सुरू होतं. दाढा नसल्या की ज्वारीची भाकरी, हरभरा, काकडी, गाजर, गोश्त या गोष्टी मागे पडतात. चहात बुडवलेला पाव, मऊ भात आणि बिस्कीट पुढे येतात. त्यानं उरलेले दात किडतात आणि साखरेचा आजार असेल तर तोही बळावतो. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह यांचं नातं दोन्ही बाजूंनी आहे: साखर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या सुजलेल्या असतील तर साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. म्हणून मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यानं वर्षातून एकदा तरी हिरड्या दाखवाव्यात.

आणि हसू जातं. ती अम्मी लेकीच्या शाळेत मोकळेपणानं बोलत नव्हती, याचं कारण आम्ही अदब धरून बसलो होतो. पालक गप्प बसतात म्हणजे त्यांना मुलांच्या शिक्षणात रस नाही, असाही शेरा आमच्या स्टाफरूममध्ये कितीदा तरी मारला गेला आहे. दुकानात काउंटरवर उभं राहण्याचं काम, मुलीच्या रिश्त्याची बोलणी, बँकेतल्या साहेबाशी दोन शब्द, सगळीकडे माणूस तोंड उघडायला कचरतो. गरिबीमुळे दात गेले आणि गेलेल्या दातांमुळे पुढची वाट अडली. हा फेरा असाच फिरत राहतो.

आपल्या हातात काय आहे?

आपल्या दीनमध्ये तोंडाच्या स्वच्छतेला किती महत्त्व आहे, हे वाचकांना सांगायला नको. दिवसातून पाच वेळा वुजू करताना आपण गुळण्या करतो आणि मिसवाक ही सुन्नत आहे. पीलूच्या काडीनं नीट घासलं तर दातांवरचा थर खरोखर निघतो. पण मिसवाक आहे म्हणून पेस्ट नको, असं समजू नये. फ्लोराइडची पेस्ट दाताचं आवरण आम्लापुढे टिकायला मदत करते. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण लिहिलेलं असतं. ते १००० किंवा त्याहून जास्त असावं. किंमत किंवा जाहिरात पाहायची गरज नाही, स्वस्त पेस्टमध्येही ते असतं. विटेची पूड, राख, मीठ किंवा मिशरी यांनी घासल्यानं आवरण झिजतं.

रात्री झोपण्यापूर्वीचं ब्रश करणं सकाळच्यापेक्षाही महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते. रमजानमध्ये सहरीनंतर आणि रात्री तरावीहनंतर झोपताना दात घासावेत. गोड खायचंच तर जेवणासोबत खावं, दिवसभर थोडं थोडं नको. दुखऱ्या दाढेत तंबाखू, डांबरगोळी किंवा डोकेदुखीची गोळी दाबून ठेवू नये, गोळीनं हिरडी भाजते. लवंगेच्या तेलानं रात्र निघते, पण कीड तशीच राहते.

आता उपचारांचं. आमच्या तालुक्यातच मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचं दंतमहाविद्यालय आहे. सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि वसंतदादा पाटील यांच्या नावाचं अशी दंतमहाविद्यालयं आहेत. दंतमहाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि फी खासगी दवाखान्यापेक्षा बरीच कमी असते. वेळ जास्त लागतो, एवढंच. कराडात वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालयही आहे, तिथेही आधी चौकशी करावी. देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालयं आहेत, तरी दंतवैद्यांची गर्दी शहरांतच आहे. म्हणून जे जवळ आहे त्याचा उपयोग करून घेणं, हा निदान आमच्या भागातल्या लोकांचा तरी फायदा.

पण घरोघरी पेस्ट आणि पत्ता सांगून काम भागत नाही, हे त्या अम्मीनं आम्हाला शिकवलं. तिला पेस्टची माहिती होती. नव्हते ते तीन मोकळे दिवस आणि काही हजार रुपये. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी सरकारी आरोग्य योजना आहेत, पण दात भरणं, रूट कॅनाल, कवळी अशा रोजच्या गरजांसाठी गरिबाला स्वतःच्याच खिशात हात घालावा लागतो. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू आहे. त्यातून आपल्या ग्रामीण रुग्णालयात नुसता दात काढण्याची नव्हे तर भरण्याची सोय कायम असावी, ही मागणी आपण गावागावांतून लावून धरली पाहिजे. रस्ता आणि पाणी मागतो तसं हेही मागायला हवं.

मुहल्ल्यातही करण्यासारखं आहे. दंतशिबिरं होतात, फोटो निघतात, चिठ्ठी देऊन लोक घरी जातात. खरी गरज शिबिरानंतरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेची असते. आमची सूचना साधी आहे. जमातीच्या किंवा मंडळाच्या निधीतून महिन्यातून एक दिवस एक गाडी दंतमहाविद्यालयात जावी. कोणाचा उपचार कुठवर आला, त्याची वही एका जबाबदार माणसानं ठेवावी. गॅरेज, बेकरी, दुकान चालवणाऱ्या भावांनी कामगाराला त्या दिवसाची मजुरी न कापता अर्धी सुट्टी द्यावी. ज्यांना जकातीतून मदत घेण्याचा हक्क आहे त्यांच्या उपचारासाठी उलेमांना विचारून ती रक्कमही लावता येईल. आणि यादी करताना घरातल्या बाईचं नाव पहिलं लिहावं, कारण ती स्वतः ते कधीच सांगणार नाही.

शाळेत आम्ही एवढं केलं. पालकसभेत आता 'ब्रश करता का' असं विचारत नाही. 'दाढ कधीपासून दुखते आणि दवाखान्यात जायला अडचण काय आहे' असं विचारतो. पहिल्या प्रश्नाला सगळ्या गप्प बसायच्या. दुसऱ्या प्रश्नावर बोलत्या होतात. त्या अम्मीच्या उरलेल्या दोन किडलेल्या दातांपैकी एक मलकापूरला जाऊन भरून झाला आहे, दुसऱ्यासाठी ती पुढच्या महिन्यात जाणार आहे. आमच्या वहीत तिच्या ओळीत 'भरलेले' या रकान्यात शून्य होता, तिथे आता एक आहे.